सोमवारचे फर्मे

निपाणी,
शनिवार, १९ जून १९८२

चि. सत्याप्पास आक्काचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तू डॉक्टर झाल्यापासून घरातल्या प्रत्येकाला काही ना काही व्हायला लागलं आहे. सासूबाईंचे गुडघे, तुझ्या दाजींचा घसा, शेजारच्या गुणाबाईचं पित्त. त्यातलं आज एकही लिहीत नाही. आज फक्त मनूचं.

मनू तिसरीत गेली. तिच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीतले चट्टे तू पाडव्याला आलास तेव्हा पाहिले होतेस. आता ते मानेवर आणि मनगटांवरही आले आहेत. खाजवून खाजवून लस येते. शाळेत दर सोमवारी प्रार्थना झाली की वर्गाच्या बाई मुलांची नखं, केस, कपडे तपासतात. या सोमवारी त्यांनी मनूची बाही वर केली आणि तिला दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसवलं. सोबत चिठ्ठी दिली. 'मुलीस त्वचेचा रोग आहे. स्वच्छ करून पाठवावे. दिवाळीपर्यंत फरक न दिसल्यास डॉक्टरांचा दाखला आणावा, अन्यथा नाव कमी करावे लागेल.'

चिठ्ठी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "माझा थोरला भाऊ शाळंत गेलता, तवा त्येला दाराभाईर बसवलतं. त्येच्या अंगावर तर डागबी नव्हता." एवढं बोलून त्या चहा तसाच ठेवून उठल्या. वर्गाच्या बाई तशा नाहीत, हे मीच तुला सांगते. त्यांना बाकीच्या मुलांची काळजी वाटते. पण पोतं ते पोतंच. माझ्या जिवाला ते फार लागलं.

आता दोन प्रश्न. हा महारोग तर नाही ना? गुणाबाई तसं कुजबुजते. आणि दुसरा, हे माझ्या तंबाखूमुळं होतं का? मी दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मनू त्याच खोलीत पाढे म्हणते, त्याच खोलीत झोपते. माझ्या कामानं माझ्याच लेकराचं अंग सडत असेल तर ते मला कळलं पाहिजे. सरळ उत्तर दे, 'बघू' म्हणायचं नाही. मागच्या मलमाच्या वेळी तू विचारलंस, "कमी आहे का?" मी म्हटलं, "हाय थोडं." आणि तू मान डोलावलीस. ही काय डॉक्टरकी झाली? त्यापेक्षा आमच्या कारखान्याचा चेकर बरा. विडी हातात घेतो, बघतो, नाही पटली तर छाटात, टाकाऊ ढिगात, फेकतो. 'हाय थोडं' त्याला चालत नाही.

तुझी आक्का,
राजाबाई


बेळगाव,
शुक्रवार, २५ जून १९८२

ती. आक्कास सप्रेम जयभीम.

तुझा चेकर आमच्या दवाखान्यात पाठवून दे. आम्हाला त्याची फार गरज आहे, ती का ते पुढे सांगतो.

पहिलं उत्तर. हा महारोग नाही, गजकर्णही नाही. हे इसब आहे. एकाचं दुसऱ्याला होत नाही. शेजारी बसून नाही, एका ताटात जेवून नाही. बाईंसाठी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे, ती त्यांना दे.

दुसरं उत्तर. माहीत नाही. रागावू नकोस. कुणाला तंबाखूच्या धुळीचा त्रास होतो, कुणाला होत नाही. एकदा बघून सांगता येण्यासारखं ते नाही.

आता आमची गंमत ऐक. कंग्राळीचे भरमूआण्णा म्हणून एक शेतकरी आमच्याकडे येतात. दोन्ही पायांवर इसब. एका आठवड्यात त्यांना तीन डॉक्टरांनी तपासलं. केसपेपरवर एकानं लिहिलं 'सौम्य', दुसऱ्यानं 'मध्यम' आणि तिसऱ्यानं 'तीव्र'. तिसरा मी. हुद्दार सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, आम्हा तिघांना आण्णांसमोर उभं केलं आणि विचारलं, "यातला खरा कोण?" उत्तर भरमूआण्णांनीच दिलं, "सायेब, माझं पाय त्येच हाईत. बदलतंय ते तुमचं डोळं."

ताप मोजायला थर्मामीटर आहे, पण इसब किती आहे हे मोजायला काही नाही. सगळे आपापल्या डोळ्यांनी बघतात आणि आपापला शब्द लिहितात. मग औषधानं फरक पडला की नाही हे कळणार कसं? तेव्हापासून हा किडा माझ्या डोक्यात शिरला आहे. सरांनी मला एक तक्ता करायला सांगितला आहे आणि त्याची पहिली नक्कल तुला पाठवतो.

पाच गोष्टी बघायच्या. लाली, सूज, लस, ओरखडे आणि कातडीचा जाडपणा. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण. शिवाय चट्टे किती जागेवर आहेत ते मोजायचं. बोटं जुळवलेला तळहात हा अंगाचा शंभरावा भाग धरतात. भाजलेल्या माणसाचं अंग मोजायची ही जुनी रीत आहे. तेव्हा चट्ट्यांवर तळहात ठेवून किती भरतात ते मोज. सोमवारी आणि गुरुवारी, शाळेत जायच्या आधी. मलम दोन वेळा लाव, नखं काप आणि तिला स्वच्छ ठेव.

तुझा,
सत्याप्पा


निपाणी,
शनिवार, १० जुलै १९८२

चि. सत्याप्पास,

तुझा तळहात आमच्या घरात भांडण लावून गेला.

सोमवारी सकाळी मी मनूला उभी केली आणि माझा तळवा ठेवत ठेवत मोजलं. सात भरले. सासूबाई म्हणाल्या, "डोळं फुटलं काय गं तुझं? सर, मी मोजते." त्यांनी मोजलं तर सहा. म्हणजे आजीनं हात लावताच नातीचं दुखणं कमी झालं! आम्ही दोघी हमरीतुमरीवर आलो. तेवढ्यात मनूनं आपलाच हात आपल्या अंगावर ठेवत, पाठीमागचं मला दाखवायला लावत मोजलं. तिचे बारा भरले. आता सांग, पोरीला इसब किती? सहा, सात की बारा? तुम्ही तीन डॉक्टर, आम्ही तीन बायका. बेळगाव काय आणि निपाणी काय, पळसाला पानं तीनच.

मग मला सुचलं. विडीची पानं कापायचा पत्र्याचा फर्मा असतो ना, तो घेतला. पान त्याच्याखाली धरायचं आणि कडेनं कात्री फिरवायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांकडे एकाच मापाचा फर्मा, नाहीतर विड्या लहानमोठ्या होतील आणि चेकर तोंडावर फेकेल. तो फर्मा स्वच्छ पुसून मनूच्या चट्ट्यांवर ठेवत गेले. तीस भरले. सासूबाईंनी मोजलं, तीस. गुणाबाईला बोलावलं, तिनंही भीत भीत मोजलं. एकोणतीस आणि जरा वर. फर्मा सासूसून ओळखत नाही. मनूलाही तो आवडला. माझा तळवा खरबरीत आहे म्हणून ती अंग चोरते, पत्र्याचं तिला काही वाटत नाही. माझं पाचच मिनिटांत मोजून होतं आणि कुणाशी वाद नाही.

तुझ्या तक्त्यावर मात्र मनूची तक्रार आहे. तिचं म्हणणं, "मामानं सगळं डोळ्यांनी बघायचंच लिवलंय. खाज कुठं दिसतीया?" खरंच आहे. लाली तिच्या अंगावर असते पण खाज तिच्या जिवाला असते. रात्री ती तीन तीन वेळा उठून बसते, ते तुझ्या कुठल्या रकान्यात लिहू? तेव्हा आम्ही दोन रकाने वाढवले आहेत. खाज आणि झोप. त्यांचे गुण मनूच देणार, दहापैकी. बाईंची चिठ्ठी बाईंना दिली. त्यांनी वाचली, घडी घालून टेबलात ठेवली आणि म्हणाल्या, "मामाच डॉक्टर असल्यावर असंच लिहिणार." मनू पोत्यावरच आहे.

तंबाखूचं तू उत्तर दिलं नाहीस. मी विसरलेले नाही.

आक्का


बेळगाव,
शुक्रवार, १६ जुलै १९८२

ती. आक्कास सप्रेम जयभीम.

चूक माझी. तळहात रुग्णाचाच धरायचा असतो, हे लिहायलाच विसरलो. लहान अंगाला लहान हात. मनूचे बारा खरे होते. तुमच्या तिघींत ती एकटी बरोबर निघाली आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

पण आक्का, फर्म्याचं वाचून मी खुर्चीतून उठलोच. पत्र घेऊन तडक सरांकडे गेलो. आधी ते हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "मागवा एक." माझा निरोप मिळताच तू आपल्या भावकूमामाबरोबर बसनं पाठवलेला फर्मा बुधवारी मिळाला. तो स्पिरिटनं पुसून आम्ही तिघांनी भरमूआण्णांचे पाय वेगवेगळे मोजले, एकमेकांना न सांगता. एक्कावन्न, त्रेपन्न, बावन्न. तीन डॉक्टरांचं एवढं एकमत मी या दवाखान्यात प्रथमच पाहिलं. भरमूआण्णा म्हणाले, "आता कसं जमलं!" निरोपात मागितलेला मनूच्या हाताचा छापही मोजला. तिच्या एका तळहातात अडीच फर्मे बसतात, म्हणजे तीस भागिले अडीच, बारा. गणित तंतोतंत.

मनूचे दोन रकाने मी तक्त्यात घातले आहेत. सरांनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं?" मी म्हणालो, "तिसरीतल्या." खाज रुग्णानंच मोजायची, हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तंबाखूचं उत्तर आकड्यांतूनच मिळेल. महिनाभर मोज. एकही वार चुकवू नकोस.

सत्याप्पा


निपाणी,
शनिवार, १४ ऑगस्ट १९८२

चि. सत्याप्पास,

महिना झाला. एकही वार चुकवला नाही. बारा जुलैपासूनचे आकडे असे: एकतीस, बावीस, बत्तीस, बावीस, तीस, एकवीस, तेहतीस, बावीस, तेहतीस, तेवीस. शिडी उतरेल म्हणून वाट बघत होते, इथे तर झोपाळा चालला आहे. बाकीचे गुण सोबतच्या कागदावर मनूनं तिच्या अक्षरात लिहिले आहेत.

आणखी एक केलं, ते तुला आधी सांगितलं नाही. तू उत्तर देईना म्हणून माझं मीच शोधायचं ठरवलं. एक ऑगस्टपासून दहा दिवस विड्या बंद केल्या. कारखान्यात आजारी असल्याचं कळवलं. पानं, तंबाखू, सूप, सगळं घराबाहेर काढलं. जमीन सारवली, गोधड्या धुतल्या. दहा दिवस घरात तंबाखूचा कण नव्हता. माझ्या हातांना सुट्टी मानवली, पण मनूचं तेहतीस ते तेहतीसच. दोन्ही सोमवारी.

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. तंबाखू असती तर ती काढून टाकता आली असती. आता काय काढून टाकू?

मी कशात कसर ठेवलेली नाही, सत्या. मलम वेळेवर लावते, नखं कापते, तू आणि बाईंनी सांगितलं तसं स्वच्छ ठेवते. रविवारचा तर अर्धा दिवस तिच्यापायीच जातो. तरी सोमवार उजाडला की बाई बाही वर करतात आणि पोतं दाखवतात. परवा मनू म्हणाली, "आई, मी शाळंला जाईना. तुझ्याजवळ बसून पानं कापते." माझी लेक आठव्या वर्षी पानं कापायला बसणार असेल तर मी सातवीपर्यंत कशाला शिकले? मला खोटा धीर देऊ नकोस. तुझं गणित चुकलं असेल तर तसं सांग.

आक्का


बेळगाव,
शुक्रवार, २० ऑगस्ट १९८२

ती. आक्कास सप्रेम जयभीम.

तुझे आकडे मी आलेखाच्या कागदावर मांडले. करवतीचे दाते दिसतात. मी दोन दिवस ते नुसतं बघत होतो. मग प्रत्येक ठिपक्याखाली वार लिहिला आणि थांबलोच. जेवढे उंच दाते, तेवढे सगळे सोमवार. जेवढ्या खाचा, तेवढे गुरुवार. एकही अपवाद नाही.

मनूचे रकानेही तेच सांगतात. सोमवारी खाज आठ किंवा नऊ, गुरुवारी पाच. सोमवारी ओरखड्यांना तीन गुण, लालीला तीन.

आता विचार कर. तू शनिवारी विड्या पोचवतेस आणि रविवारी तुला सुट्टी असते. तंबाखू दोषी असती तर सोमवार सगळ्यांत चांगला निघायला हवा होता. तो सगळ्यांत वाईट आहे. आणि दहा दिवस तंबाखू बाहेर काढूनही सोमवार हलला नाही. शाळाही नव्हे, कारण रविवारी शाळा नसते. मग आक्का, रविवारी तुमच्या घरात होतं तरी काय? काही वेगळं खाणं? कुठे जाणं? कोंबड्या, घोंगडं, काहीही असेल. सकाळपासून झोपेपर्यंतचं सगळं लिही. तुला क्षुल्लक वाटेल तेही लिही. मला या सोमवारानं झपाटलं आहे.

सत्याप्पा


निपाणी,
रविवार, २९ ऑगस्ट १९८२

चि. सत्याप्पास,

पाणी चुलीवर ठेवलं आहे. ते तापेपर्यंत हे लिहून होईल.

रविवारी आमच्याकडे वेगळं काही नसतं. सकाळी भाकरी, उसळ. कोंबड्या नाहीत. घोंगडं सासूबाईंचं, ते त्या कुणाला देत नाहीत. दुपारी दाजी झोपतात. मग मनूची अंघोळ. दुसऱ्या दिवशी तपासणी असते म्हणून ही अंघोळ मी नीट घालते. पाणी चांगलं कडकडीत, हात घातला की मागे घ्यावा इतकं. त्यात मूठभर धुण्याचा सोडा. लाल साबण दोनदा लावते. मग टाचा घासायच्या खरबरीत वजरीनं चट्टे घासते, खपल्या निघेपर्यंत. ती ओरडते, "आई, पुरं गं, लई चुणचुणतंय!" सासूबाई तिचे हात धरतात. मी म्हणते, "जरा सोस. उद्या बाईंनी बोट ठेवायला जागा ठेवायची न्हाय." मग खरखरीत पंच्यानं कोरडी करते. बाकीच्या दिवशी मी कामाच्या घाईत असते, मनूच आपली दोन तांबे अंगावर घेते आणि पळते.

वर तीनचार ओळी कोऱ्या दिसतील. मी लिहायची थांबले होते.

सत्या, हे मीच लिहिलं आणि मीच वाचलं. तुझ्या करवतीचे दाते माझ्या हातातल्या वजरीचे आहेत.

आपल्या घरात 'घाण' हा शब्द कसा लागतो ते तुला सांगायला नको. आईनं आपल्याला ठिगळाचे कपडे घातले, पण मळके कधी घातले नाहीत. कुणी बोट दाखवू नये म्हणून ती आपल्याला ओढ्यावर नेऊन घासायची. तेच मी केलं. बाईंनी 'स्वच्छ करून पाठवावे' लिहिलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी ते सगळं त्या पोरीच्या कातडीवर काढलं. जितकं पोतं दाखवलं तितकं मी घासलं. जितकं घासलं तितकं पोतं दाखवलं. मी तंबाखूला शिव्या देत होते. मीच होते काय रं?

पाणी उकळून उकळून अर्धं झालं. मी उठले नाही. मनू दोनदा येऊन डोकावून गेली आणि आज आपली अंघोळ राहिली म्हणून अंगणात उड्या मारते आहे. उद्या तपासणी आहे. तिला न घासता पाठवायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं आहे. तरी तशीच पाठवणार.

आक्का


बेळगाव,
शुक्रवार, ३ सप्टेंबर १९८२

ती. आक्कास सप्रेम जयभीम.

तू नव्हतीस. मी होतो. पंचवीस जूनच्या माझ्या पत्राची शेवटची ओळ काढून बघ. 'तिला स्वच्छ ठेव.' बाईंनी लिहिलं ते त्या डॉक्टर नाहीत म्हणून. मी डॉक्टर असून तेच लिहिलं. स्वच्छ म्हणजे किती आणि कसं, ते लिहिलं नाही. कोणत्या घरात लिहितो आहे याचाही विचार केला नाही, आणि त्याच घरात मी वाढलो. ओढ्यावरची ती वजरी माझ्याही पाठीला आठवते. मला माफ कर, आणि मनूला सांग, मामा चुकला.

इसबाची कातडी आधीच कोरडी असते. कढत पाणी, सोडा आणि लाल साबण तिच्यातली उरलीसुरली ओल काढून घेतात. मग ती तडकते, खाजते, आणि खाजवलं की चिघळते. आता असं कर. कोमट पाणी, रोज, थोडा वेळ. चट्ट्यांना साबण नाही. सोडा नाही. वजरी उंच फळीवर ठेव, नाहीतर फेकूनच दे. मऊ जुन्या लुगड्यानं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल चोळायचं. मलम चालू ठेव. आणि मोज.

दाखला मी आज लिहून देऊ शकतो. पण बाई म्हणाल्या तेच खरं, मामा असंच लिहिणार. तेव्हा मामाचा शब्द नको. आकडे होऊ देत, मग आकडेच घेऊन जा.

सत्याप्पा


निपाणी,
शनिवार, १६ ऑक्टोबर १९८२

चि. सत्याप्पास,

दीड महिना मुद्दामच लिहिलं नाही. आधी बोलायचं आणि मग तोंडघशी पडायचं, हे मला नको होतं.

न घासता पाठवली त्या सोमवारी फर्मे भरले चोवीस. बाईंनी विचारलं, "काल अंघोळ झाली नाही का?" मनूनं खरं ते सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. ती घरी येऊन रडली. त्या दिवशी माझा हात दोनदा वजरीकडे गेला, हे तुला खरं सांगते. तिसऱ्यांदा जायच्या आधी मी ती नेऊन ओढ्यात टाकली. सासूबाई म्हणाल्या, "जुन्या काळची व्हती गं." मी म्हटलं, "म्हणूनच."

त्यानंतरचे सोमवार: वीस, सतरा, पंधरा, अकरा, नऊ. आणि या सोमवारी आठ. खाज दहापैकी दोन. झोपेला मनूनं दहापैकी दहा दिले आणि पुढे स्वतःच 'शाब्बास' लिहिलं.

त्या दिवशी मी तक्ता आणि फर्मा घेऊन शाळेत गेले. बाईंना म्हटलं, "मामाचं जाऊ द्या, माझंही जाऊ द्या. हा पत्रा घ्या आणि तुम्हीच मोजा." सगळ्या वर्गासमोर बाईंनी मोजलं. आठ. मग सगळे आकडे बघितले, सोमवारचे आणि गुरुवारचे. रविवारच्या अंघोळीचं मी काही न लपवता सांगितलं. बाई तक्त्यातल्या सोमवारांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "स्वच्छ करून पाठवा, हे मीच लिहिलं होतं ना?" मी म्हटलं, "तुम्ही लिहिलं, डॉक्टरांनी लिहिलं आणि मी केलं. आपण तिघंही त्यातलेच." त्यांनी दाखला मागितला नाही. मनूला तिसऱ्या रांगेत मैत्रिणीशेजारी बसवलं, तिचा हात धरून. पोतं स्वतः उचलून झटकलं आणि पाय पुसायला दारात टाकलं. मी घरी येईपर्यंत रडले नाही. घरी येऊन मात्र सासूबाईंच्या गळ्यात पडून रडले, आणि त्यासुद्धा.

तुझ्या सरांना नमस्कार सांग. भरमूआण्णांचे किती झाले ते कळव. आमच्याकडे आता सगळं ठीक आहे, काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझी आक्का,
राजाबाई


मामास मनूचा जयभीम.

आईनं पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून हा कागद आत घालते. तिला सांगू नकोस.

आईनं लिहिलं आहे की सगळं ठीक आहे. ते बरोबर नाही. दुपारी विड्या वळता वळता तिला बसल्या बसल्या डुलकी लागते. तेव्हा मी तिच्या हातांवरचे चट्टे मोजते. जुलैपासून मोजते आहे. उजव्या हातावर अडीच फर्मे, डाव्या हातावर दोन. ऑगस्टमध्ये तंबाखू घराबाहेर होती, तेव्हा दोन्ही मिळून एकच फर्मा होता. नंतर परत वाढलं. तिला सोमवार आणि गुरुवार सारखेच असतात. रविवारी थोडं कमी असतं.

लालीला दोन. जाडपणाला तीन. भेगांना तुझ्या तक्त्यात रकाना नव्हता, तो मी पाडला आहे. त्यालाही तीन. भाकरीचं पीठ मळताना भेगांत मीठ जातं, तेव्हा ती तोंड फिरवते.

खाजेचे गुण ज्याचे त्यानं द्यायचे असतात. मी आईला विचारलं तर म्हणते, "मला काय न्हाय गं, तू आपला अभ्यास कर." म्हणून तो रकाना कोरा ठेवला आहे. तू ये आणि तिला विचार.

तुझी,
मनुबाई, इयत्ता तिसरी